हजार रुपये भरायची परवानगी

गुरुवार, दोन एप्रिल, चैत्री पौर्णिमा. रक्कम एक लाख ऐंशी हजार रुपये. ठिकाण तलासरी, जीएसटीच्या फिरत्या पथकाचं आवार. हजर असलेले: पथकाचे अधिकारी, टेम्पोचा मालक आणि चालक सुरेश, चिकू कारखान्याचे प्रवर्तक हेमंतभाई, आणि त्या कारखान्याची सीए म्हणून मी. गैरहजर एकच, ज्याच्या हक्कांचं रक्षण व्हावं म्हणून पुढचे दोन दिवस आम्ही त्या आवारात उन्हात उभे राहिलो, तो युरोपातला गुंतवणूकदार.

टेम्पोत तीन टन सुकवलेला चिकू होता. किलोचा भाव सहाशे रुपये, म्हणजे अठरा लाखांचा माल. पाच टक्क्यांनी कर नव्वद हजार, आणि अशा वेळी दंड कराच्या दुप्पट. अधिकाऱ्यांच्या आकडेमोडीत चूक नव्हती. मी कॅल्क्युलेटरवर पुन्हा करून पाहिली.

"मॅडम, तुमचं ई-वे बिल काय म्हणतं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

ई-वे बिल म्हणजे माल कुठून कुठे, कोणत्या गाडीने चाललाय याची सरकारी पोर्टलवर आधी केलेली नोंद. मी म्हटलं, "तलासरीहून न्हावाशेवा."

"न्हावाशेवा कोणत्या दिशेला?"

"दक्षिणेला."

"आणि गाडी आम्ही कुठे पकडली? अच्छाडला. गुजरातहून येताना. तलासरीहून न्हावाशेव्याला जायला गुजरात मध्ये कुठे लागतो ते मला समजावून सांगा, मी लगेच गाडी सोडतो."

मी सुरेशकडे पाहिलं. सुरेशने टेम्पोच्या टायरकडे पाहिलं.

"काट्यावर गेलो होतो," तो म्हणाला. "वजन करायला."

"तलासरीत काटा नाही?"

"आहे. पण काटेवाला जत्रेत आहे. त्याने महालक्ष्मीला खेळण्यांचं दुकान लावलंय."

हे खरं होतं. चैत्री पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा सुरू होते आणि पुढचे पंधरा दिवस या दोन तालुक्यांत कोण कुठे सापडेल ते सांगता येत नाही. न्हाव्याकडे जा, तो जत्रेत. वायरमनला फोन करा, मागे पाळण्याचा आवाज.

"मग गुजरातेत, भिलाडच्या काट्यावर गेलास," अधिकारी म्हणाले. "आणि भिलाडच्या काट्याशेजारी काय आहे?"

हेमंतभाईच बोलले. "साहेब, पेट्रोल पंप आहे. आता आपण लपवून काय करायचं? तिकडे डिझेल स्वस्त आहे. तलासरीचा टेम्पो तलासरीत डिझेल भरतो असं कोणी तुम्हाला सांगितलं तर त्याला दंड करा."

अधिकाऱ्यांना हसू आलं असावं, पण त्यांनी ते रजिस्टरात तोंड घालून परतवलं. बाहेरच्या वाचकासाठी सांगते. आमच्याकडे राज्याची सीमा नकाशात आहे आणि कर खात्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. बाकी कुठे नाही. मुली तिकडे दिलेल्या, सुना तिकडून आणलेल्या, दाताचा डॉक्टर तिकडे, डिझेल तिकडे. सुरेशची सासुरवाडीच भिलाडच्या अलीकडे. आपण परराज्यात माल नेतोय असं त्याच्या डोक्यातही आलं नसणार. तो टाकी भरायला गेला होता, अठरा लाखांचा माल पाठीवर घेऊन.

आता वजन मुळात करायचंच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. कारखान्यात स्वतःचा काटा आहे, प्रमाणित आहे. पण गुंतवणूकदाराच्या नियमावलीत लिहिलं होतं की मालाचं प्रत्येक वजन कारखान्याशी संबंध नसलेल्या तिसऱ्या पक्षाकडून करून घ्यावं. कारण विकसनशील देशात काट्यांवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणजे आमच्या काट्यावर भरवसा नाही म्हणून टेम्पो दुसऱ्या काट्यावर गेला, आणि तो दुसऱ्या काट्यावर गेला म्हणून सरकारचा आमच्यावर भरवसा उरला नाही. इथपर्यंत सगळं पद्धतशीर चाललं होतं.

थोडं मागचं सांगायला हवं.

हेमंतभाईंच्या घरच्या चिकूच्या वाड्या आहेत. ताजा चिकू चार दिवसांत मऊ पडतो, म्हणून त्यांनी तलासरीत शेड घेऊन चिकू सुकवायची मशीन टाकली. चकत्या आणि पावडर. माल चांगला होता, भांडवल कमी होतं. मग युरोपातल्या एका थंड देशातली कंपनी आली. तिथे चिकू पिकत नाही, बहुधा म्हणूनच त्यांना त्याचं कौतुक. त्यांनी एकोणपन्नास टक्के हिस्सा घेतला, एक्कावन्न हेमंतभाईंकडे राहिला.

परदेशी पैसा आला की सरकार छळतं असा एक समज आहे. मी आकडे आणि अर्ज दोन्ही हाताळलेत म्हणून सांगते, या प्रकरणात सरकारने अजिबात छळलं नाही. अन्नप्रक्रियेत परदेशी पैशाला आगाऊ परवानगी लागत नाही. पैसा बँकेत आला, शेअर्सची किंमत रीतसर काढली, मुदतीत शेअर्स दिले, रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर कळवलं, पोच मिळाली. त्यानंतर सरकारने एक शब्द विचारला नाही. जे काही विचारलं ते कराराने.

करार चौऱ्याण्णव पानांचा. त्याला जोडून एक टिपण होतं, 'देशांतर्गत जोखमी'. त्यात युद्ध होतं, बंड होतं, कारखाना सरकारजमा होणं होतं, चलनबंदी, साथ आणि भूकंप होता. भूकंपाला आम्ही हसलो नाही. आमच्याकडे धुंदलवाडीच्या बाजूला जमीन अधूनमधून हलते, घरातली भांडी वाजतात. तेवढं त्यांनी बरोबर पकडलं होतं. डिझेल मात्र कुठल्याही पानावर नव्हतं.

करारातला मुख्य भाग 'रिझर्व्ह्ड मॅटर्स'. याचा साधा अर्थ असा की कंपनीत बहुमत तुमचं असलं तरी काही गोष्टी आमच्या लेखी संमतीशिवाय करायच्या नाहीत. यात गैर काही नाही. परक्या देशात पैसे ठेवणाऱ्याला कुलूप हवंच. तुम्हीआम्ही शेजारच्या गावात भाडेकरू ठेवतानाही दहा अटी घालतो. फरक एवढाच की आपण दाराला कुलूप लावतो, यांनी ते फडताळाला, माठाला आणि चपलांच्या खोक्यालाही लावलं होतं.

त्यातलं कलम चौदा-तीन असं: कोणत्याही सरकारी खात्याशी तडजोड करणे, दोष मान्य करणे किंवा दंड भरणे, रक्कम कितीही असो, कंपनीने वा प्रवर्तकाने, थेट वा आडून, गुंतवणूकदाराच्या लेखी संमतीशिवाय करू नये. केल्यास तो गंभीर करारभंग.

'रक्कम कितीही असो' यावर मी तेव्हाच पेन्सिलने खूण केली होती. पन्नास हजारांपर्यंत सूट ठेवा, असं लिहून कळवलंही होतं. मुंबईहून त्यांच्या वकीलबाईंचं उत्तर आलं, 'हे स्टँडर्ड कलम आहे.' स्टँडर्ड म्हटलं की पुढे बोलायचं नसतं.

आणि दुसरं कलम होतं मुदतीचं. पहिली निर्यात बारा एप्रिलच्या आत जहाजावर चढली पाहिजे. नाही चढली तर हेमंतभाईंचा हिस्सा एक्कावन्नवरून सव्वीस टक्क्यांवर. गंभीर करारभंग झाला तरी तेच, सव्वीस. सोप्या मराठीत, स्वतःच्या शेडमध्ये, स्वतःच्या वाडीतल्या चिकूवर, हेमंतभाई दुसऱ्याच्या हाताखाली.

जहाज रविवारी, पाच तारखेला सुटणार होतं. माल शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत बंदराच्या गोदामात पोचायला हवा होता. पुढचं जहाज मुदत उलटल्यावर. गुरुवारी दुपारी टेम्पो पथकाच्या आवारात कडुलिंबाखाली उभा होता.

शुक्रवारी सकाळी मी डहाणूहून पुन्हा तलासरीला गेले. गुड फ्रायडेची सुट्टी होती. अधिकारी तरीही आले, हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण सरकारी माणूस सुट्टीच्या दिवशी कामावर आला याची नोंद सहसा कोणी करत नाही. मी काट्याची पावती, पंपाचं बिल आणि कारखान्याच्या गेटची नोंद पुढे ठेवली. तिन्हींवरच्या वेळा एकापुढे एक लागत होत्या. त्यांनी टेम्पो उघडायला लावला. सुरेशने खोके उतरवले, शिपायाने मोजले, सील तपासलं. मध्येच एक खोका उघडून अधिकाऱ्यांनी चिकूची चकती हातात घेऊन पाहिली.

"हे लोक याचं काय करतात?"

"दह्यात घालून खातात म्हणे," हेमंतभाई म्हणाले.

"चिकू? दह्यात?" साहेबांनी चकती परत ठेवली. त्या क्षणी परदेशी गुंतवणुकीबद्दल त्यांचं मत काय झालं असेल ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

अर्ध्या तासाने ते म्हणाले, "मॅडम, माल बरोबर आहे. मोजणीत फरक नाही. काट्यावर जायला नियमात सूट आहे, वीस किलोमीटरपर्यंत. पण त्यासाठी सोबत वेगळं चलन लागतं, ते नव्हतं. ही कसूर झाली, चोरी नाही. मी दुप्पट कराचा विषय सोडतो. किरकोळ दंड लावतो. एक हजार."

"एक लाख?" हेमंतभाईंनी घाबरून विचारलं.

"एक हजार. हजार रुपये. पोर्टलवर भरा, गाडी घेऊन जा."

हेमंतभाईंचा चेहरा असा खुलला की मला वाईट वाटलं. त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "मीनाबेन, लिंक सांगा, आत्ताच भरून टाकतो. साहेब, चहा सांगू का सगळ्यांना?"

"थांबा," मी म्हटलं.

"काय झालं?"

"तुम्हाला भरता येणार नाहीत."

"का? माझ्या अकाउंटला हजार रुपये आहेत, बेन."

मी त्यांना बाजूला घेतलं आणि चौदा-तीन वाचून दाखवलं. रक्कम कितीही असो. कंपनीने वा प्रवर्तकाने. थेट वा आडून. त्यांनी ते दोनदा ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे भरले तर सव्वीस टक्के?"

"हो."

"आणि नाही भरले, जहाज गेलं, तर?"

"सव्वीस टक्के."

"वा," ते म्हणाले. "बरोबर हिशेब आहे. दोन्हीकडून सारखा."

लांबून अधिकारी बघत होते. त्यांच्या नोकरीत दंड जास्त आहे म्हणून भांडणारे त्यांनी शेकड्यांनी पाहिले असतील. एक लाख ऐंशी हजारांचे एक हजार करून दिल्यावरही भरायला नकार देणारे आम्ही पहिलेच असू. "मॅडम," ते म्हणाले, "आणखी कमी होत नाही हं."

मी मुंबईला वकीलबाईंना फोन लावला. त्यांचं नाव अनन्या. हुशार मुलगी, वाक्यं पूर्ण इंग्रजीत, मला मात्र मॅडम म्हणते.

"मॅडम, अमाउंट मटेरियल नाही, प्रिन्सिपल मटेरियल आहे," ती म्हणाली. "दंड भरणं म्हणजे ॲडमिशन ऑफ गिल्ट. आम्हाला नोटिशीचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागेल. मग आम्ही ओपिनियन देऊ. मग यान यांची लेखी संमती."

यान हे गुंतवणूकदाराचे डायरेक्टर. माणूस हसतमुख, व्हिडिओ कॉलवर मागे नेहमी कुंडी दिसते.

"गाडी उद्या सकाळी निघायला हवी," मी म्हटलं. "यान यांना आज विचारा. हजार रुपये आहेत."

"मॅडम, आज गुड फ्रायडे आहे."

"इथेही आहे. अधिकारी माझ्यासमोर बसलेत."

"ते ईस्टरला ऑफिस बंद ठेवतात. सोमवारपर्यंत. मंगळवारी उघडेल. तुम्ही मेल टाका, मी फॉलो-अप करते."

मी मेल टाकली. एका मिनिटात उत्तर आलं. संपूर्ण प्रकरणात त्या बाजूने आलेलं हे सर्वांत झटपट उत्तर. 'मी मंगळवारी परत येईन. तातडीचं काम असल्यास माझ्या सहकाऱ्यांशी संपर्क करावा.' खाली सहकाऱ्यांचा पत्ता. मी सहकाऱ्यांना मेल टाकली. त्यांचंही एका मिनिटात उत्तर आलं. 'मी मंगळवारी परत येईन. तातडीचं काम असल्यास यान यांच्याशी संपर्क करावा.'

इथे एक जुनी मेल सांगितल्याशिवाय राहवत नाही. मार्चमध्ये हेमंतभाईंनी यान यांना विनंती केली होती की चैत्री पौर्णिमेला कारखाना एक दिवस बंद ठेवू या, कामाच्या बायका सगळ्या जत्रेला जातात, नाही म्हटलं तरी येणार नाहीत. उत्तर आलं होतं, छापील वळणाचं: स्थानिक धार्मिक प्रसंगांमुळे उत्पादनाच्या वेळापत्रकावर परिणाम होऊ देणं जागतिक भागीदारीच्या शिस्तीत बसत नाही. हेमंतभाईंनी ते पत्र वाचलं, घडी घातली, आणि पौर्णिमेला कारखाना चालू ठेवला. आले तीन जण. त्यांतला एक सुरेश.

पुढे मी सहज पाहिलं तर कळलं की त्यांचा ईस्टरसुद्धा पौर्णिमेवरूनच ठरतो. यंदा पौर्णिमाही तीच. चंद्र एकच, फक्त त्यांच्या चंद्राला चार दिवसांची सुट्टी मंजूर आहे.

शुक्रवारी दुपारी आम्ही पर्याय शोधत बसलो. दंड न भरता, तेवढ्याची बँक गॅरंटी देऊन गाडी सोडवता येते. पण गॅरंटी देणं हे कलम चौदा-पाच. अपील करून माल सोडवून घ्यावा तर खटला सुरू करणं चौदा-चार. माल दुसऱ्या गाडीत भरून पाठवावा तर माल ताब्यात आहे. नवा माल करावा तर बायका जत्रेत. हेमंतभाईंनी त्यांच्या मेहुण्याकडून भरून घेण्याची कल्पना काढली.

"आडून," मी म्हटलं.

"मेहुणा आडून होतो?"

"मेहुणा म्हणजे आडूनच, हेमंतभाई. त्या कलमात 'आडून' म्हणजे कोण कोण, याची यादी आहे. मेहुणा सातव्या नंबरवर."

"तुम्ही भरा मग."

"मी कंपनीची सल्लागार. मी पाचव्या."

त्यांनी मोबाइल परत खिशात ठेवला. मग म्हणाले, "बेन, माझ्या बापाने वाडीत कोणाला आत यायला कधी परवानगी मागायला लावली नाही. मी चौऱ्याण्णव पानांवर सही केली." त्यांनी एवढंच म्हटलं आणि उठून टेम्पोच्या सावलीत जाऊन उभे राहिले. ते काही रडणारे गृहस्थ नाहीत. पण मी त्यांना रुमालाने बराच वेळ चष्मा पुसताना पाहिलं, आणि त्यांचा चष्मा घामाने एवढा खराब होत नाही.

घरी जाऊन मी करार पुन्हा वाचला नाही. करार पाठ झाला होता. मी अधिकाऱ्यांनी दिलेली नोटीस वाचली. जिच्यावर काम करायचं ती वस्तू आम्ही दिवसभर हातात धरून फिरत होतो आणि भांडत होतो करारावर. नोटीस कंपनीच्या नावाने नव्हतीच. अशी नोटीस गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या नावाने निघते. म्हणजे सुरेशच्या. माल बरोबर होता, ई-वे बिल बरोबर होतं, चुकला होता तो रस्ता. आणि रस्ता टेम्पोवाल्याचा.

शनिवारी सकाळी मी अधिकाऱ्यांना विचारलं, "हा दंड गाडीवाल्याने स्वतः, स्वतःच्या चुकीसाठी भरला तर चालेल?"

"नोटीस त्याचीच आहे. तोच भरायचा. मी काल म्हटलं पोर्टलवर भरा, कोणी भरा ते तुम्हीच ठरवत बसलात."

हेमंतभाई आणि मी सुरेशकडे वळलो. आता त्याला कसं सांगायचं हा प्रश्न होता. करारात आमचं रक्षण अकरा पानं करत होती, गुंतवणूकदाराचं बाकीची. सुरेशच्या नावाचं एकही पान नव्हतं, आणि तोच काय तो मोकळा होता.

मी सगळं सांगितलं. तू आमचं ऐकलंच पाहिजेस असं नाही, हेही सांगितलं. कंपनी तुला हे पैसे परत देऊ शकणार नाही, दिले तर ते आडून होईल, हेही स्पष्ट केलं.

सुरेशने ऐकून घेतलं. "म्हणजे हजार रुपये भरले की गाडी सुटते?"

"हो."

"हे काल का नाही सांगितलं? दोन दिवस गाडी उभी आहे. बायको पोरींना घेऊन जत्रेत जायला थांबलीय. मी काल दुपारीच भरले असते."

"अरे, तुझ्या खिशातून जाणार आहेत."

"डिझेल माझ्या टाकीत गेलं ना, मॅडम. मग माझ्याच खिशातून जाणार." मग हेमंतभाईंकडे बघून, "शेठ, पण चिकू दह्यात खाणाऱ्यांना एवढं घाबरायचं काय?"

हेमंतभाई दोन दिवसांत पहिल्यांदाच मोकळं हसले. सुरेशने मोबाइलवरून हजार रुपये भरले. पोच आली. अधिकाऱ्यांनी सुटकेचा कागद दिला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, एवढ्या वर्षांत एवढ्या कमी पैशांसाठी एवढे लोक एवढा वेळ बसलेले मी पाहिले नव्हते."

टेम्पो साडेनऊला निघाला. पुढे महालक्ष्मीपाशी जत्रेची गर्दी, हायवेला चारोटीपर्यंत रांग. सुरेशने तिथे गाडी एक मिनिट बाजूला घेतली, बायकोला आणि मुलींना तोंड दाखवलं, नारळ त्यांच्याच हाती दिला आणि पुढे गेला. हे त्याने मला नंतर सांगितलं. ई-वे बिलात या थांब्याची नोंद नाही. माल पावणेसहाला गोदामात पोचला. रविवारी जहाज सुटलं. एक्कावन्न टक्के जागेवर राहिले.

मंगळवारी यान यांचा व्हिडिओ कॉल आला. मागे कुंडी होती. चेहरा उन्हाने लाल झाला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मनापासून विचारलं, "पण तुम्ही सरळ भरून का टाकले नाहीत? हजार रुपये म्हणजे दहा युरोसुद्धा नाहीत."

मी म्हटलं, "कलम चौदा-तीन."

ते हसले. "तुम्ही भारतीय लोक फार फॉर्मल असता."

मी मिनिट्स लिहीत होते, आणि हे वाक्य मी मिनिट्समध्ये जसंच्या तसं घेतलं. पुढच्या बैठकीत त्यावर त्यांची सहीही झाली.

त्याच दिवशी संध्याकाळी वकील फर्मचं ओपिनियन आलं, चौदा पानी. निष्कर्ष असा की संमती द्यायला हरकत नाही. मग कराराला दुरुस्ती झाली: पाचशे युरोपर्यंतच्या दंडाला संमती लागणार नाही. मी सुचवलेली हीच सूट. फरक इतकाच की मी ती फुकट सुचवली होती.

मे महिन्यात मी खर्चाची पानं लावत होते. सुरेशचं वाहतुकीचं बिल हाती आलं. त्यात तलासरी ते न्हावाशेवा भाडं होतं, बाकी काही नाही. मी त्याला फोन लावला.

"तुझी गाडी दोन दिवस उभी होती. हॉल्टिंग का लावलं नाहीस?" गाडी भरलेली थांबवली तर दिवसाला ठरावीक रक्कम गाडीवाल्याला मिळते. मुंबईचा प्रत्येक ट्रान्सपोर्टवाला लावतो.

"पण गाडी तर माझ्या चुकीने पकडली ना, मॅडम."

"पकडली ती तुझ्या चुकीने. शुक्रवारी दुपारी हजारावर सुटत होती. तिथून पुढे थांबली ती आमच्या परवानगीपायी. तो एक दिवस तुझा नाही, कंपनीचा. तेवढंच लाव, जास्त नको."

"किती लावू?"

"तुझा रोजचा दर काय आहे?"

"दीड हजार."

"मग दीड हजार. वेगळं बिल दे, तारीख घाल."

हा दंडाचा परतावा नाही, हे मी करार उघडून पुन्हा तपासलं. हॉल्टिंग रिझर्व्ह्ड मॅटर नाही. त्या पानांत जहाजाच्या थांब्याचा विचार आहे, टेम्पोच्या नाही.

यातून शिकण्यासारखं मी एकच घेतलं. आता माल निघायच्या आदल्या दिवशी मी विचारते, डिझेल भरलंय का.

शेवटी गेलेले पैसे असे. शासनाला दंड एक हजार, सुरेशने भरले. वकील फर्मला ओपिनियन आणि दुरुस्ती मिळून दोन लाख चाळीस हजार, अधिक जीएसटी. करारानुसार संमतीचा खर्च कंपनीचा, म्हणून कंपनीने भरले. नोटिशीचं प्रमाणित भाषांतर करणाऱ्याला साडेतीन हजार. भाषांतर नंतर कोणी मागितलं नाही. सुरेशला हॉल्टिंगचे दीड हजार. त्यावर टीडीएस लागत नाही, मी दोनदा पाहिलं.